समुद्राच्या नोंदीत खंड नको

जगातल्या महासागरांत आज चार हजारांच्या आसपास यंत्रे माणसाविना फिरत आहेत. अँटेना धरून जवळपास माणसाच्या उंचीचा नळकांड्यासारखा देह, वीस-पंचवीस किलो वजन आणि डोक्यावर संवेदक. 'आर्गो फ्लोट' या नावाने ही यंत्रे ओळखली जातात. दर दहा दिवसांनी प्रत्येक फ्लोट दोन हजार मीटर खोल जातो, तिथून वर येताना पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब टिपतो, पृष्ठभागावर येऊन ते आकडे उपग्रहाकडे धाडतो आणि पुन्हा बुडी मारतो. हे आकडे चोवीस तासांच्या आत जगातल्या कोणालाही फुकट मिळतात. गेली पंचवीस वर्षे हे काम अखंड चालू आहे आणि पुढची पंचवीस वर्षे ते असेच चालेल याची खात्री मात्र राहिलेली नाही. आपल्याकडे या गोष्टीची दखल फारशी कोणी घेतली नाही. ती घ्यायला हवी, कारण आपला पाऊस, आपल्या किनाऱ्यावर येणारी वादळे आणि आपल्या ताटातले मासे या तिन्ही गोष्टींचा हिशेब याच नोंदींत आहे. आणि समुद्राची नोंद एकदा चुकली की ती कायमची चुकते. आजचे तापमान उद्या मोजता येत नाही.

या यंत्राला पंखा नाही की सुकाणू नाही. त्याच्या आत तेलाची टाकी असते आणि तळाशी बाहेरच्या बाजूला एक लवचीक पिशवी. पंपाने तेल त्या पिशवीत ढकलले की यंत्राचे वजन तेवढेच राहते, पण आकारमान वाढते आणि ते वर येऊ लागते. तेल आत ओढून घेतले की ते बुडू लागते. माशाच्या पोटातली हवेची पिशवी जे काम करते तेच काम इथे तेल करते. या युक्तीला ऊर्जा इतकी थोडी लागते की एकदा बसवलेल्या बॅटरीवर फ्लोट चार-पाच वर्षे टिकतो आणि दीडशे ते दोनशे फेऱ्या करतो. दहा दिवसांतला बहुतेक काळ तो हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत असतो. त्यामुळे तो कुठे बुडाला आणि कुठे वर आला एवढ्यावरून त्या खोलीवरच्या प्रवाहाचा वेग आणि दिशाही कळते.

या साधेपणामागे अर्ध्या शतकाची मेहनत आहे. १९५५ मध्ये जॉन स्वॉलो या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इमारतींच्या परांचीला वापरतात तशा अॅल्युमिनियमच्या नळ्यांपासून खोल पाण्यात तरंगणारी पहिली यंत्रे बनवली आणि ध्वनीच्या साहाय्याने त्यांचा माग काढला. अमेरिकेतील डग वेब या अभियंत्याने आणि तिथल्याच स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील रस डेव्हिस यांनी पुढे वर येऊन उपग्रहाशी बोलणारी यंत्रे तयार केली. १९८९ मध्ये हेन्री स्टॉमेल या थोर समुद्रशास्त्रज्ञाने २०२१ साल कल्पून एक लेख लिहिला. जगभरच्या समुद्रांत स्वयंचलित यंत्रे फिरत आहेत आणि किनाऱ्यावर बसलेली माणसे त्यांचे आकडे वाचत आहेत, असे चित्र त्यात होते. स्टॉमेल १९९२ मध्ये गेले. त्यानंतर सहा-सात वर्षांतच स्क्रिप्सच्या डीन रोमिक यांच्या पुढाकाराने अनेक देशांचे शास्त्रज्ञ एकत्र आले, १९९९-२००० च्या सुमारास पहिले फ्लोट पाण्यात उतरले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांची संख्या तीन हजारांवर पोचली. स्टॉमेल यांनी कल्पिलेले साल उजाडण्याआधीच त्यांचे चित्र प्रत्यक्षात आले होते.

त्याआधी समुद्र मोजायचा तर जहाज न्यावे लागे. जहाज थांबवायचे, तारेला उपकरणे बांधून खाली सोडायची, वर ओढायची, आकडे उतरवायचे. ही पद्धत अचूक होती, पण जहाज जाईल तिथलाच आणि जाईल त्याच दिवसाचा समुद्र तिच्यामुळे कळे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हजार मीटर खोलीपर्यंतच्या अशा नोंदी जेमतेम पाच लाख जमल्या होत्या. आर्गोने आपली दहा लाखावी नोंद २०१२ मध्ये केली आणि वीस लाखांचा टप्पा २०१८ मध्ये गाठला. फरक नुसता संख्येचाही नाही. जहाजे चांगल्या हवेत निघतात. त्यामुळे जुन्या नोंदी उत्तर गोलार्धात दाट, दक्षिणेत विरळ, उन्हाळ्यात भरपूर आणि हिवाळ्यात तुरळक अशा होत्या. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचा हिवाळा तर जवळजवळ कोराच होता.

हा मुद्दा आपल्याइतका दुसऱ्या कोणाला पटकन समजणार नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणातल्या होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी जात नाही. संशोधन जहाजांनाही त्या दिवसांत काम करणे कठीण जाते. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत आपल्या वर्षभराचे भवितव्य या समुद्रावर ठरत असते. मोसमी वारे पाणी ढवळतात, पृष्ठभाग थंड होतो, पाण्याची वाफ ढगांत जाते, खालचे थंड पाणी वर येते. हे सारे घडत असताना तिथे मोजायला कोणीच नसे. आज फ्लोट असतात. लाटा कितीही उंच असल्या तरी ते दहा दिवसांनी वर येतात, आकडे देतात आणि खाली जातात.

या नोंदींतून जे कळले ते अतिशय गंभीर आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते आहे तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. जमिनीवर आणि हवेत आपल्याला जाणवते ती वाढ उरलेल्या छोट्या वाट्यातली आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगाची सफर करून ठिकठिकाणच्या पाण्याची तापमाने नोंदवली होती. २०१२ मध्ये रोमिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी त्याच जागांच्या आर्गो नोंदींशी ताडून पाहिल्या. पृष्ठभागाचे पाणी सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने तापलेले आढळले. खाली जाऊ तशी ही वाढ कमी होत गेली, पण सुमारे नऊशे मीटर खोलीवरही ती दिसली. चॅलेंजरवरच्या खलाशांनी हिमतीने आणि चोखपणे काम केले म्हणून ही तुलना शक्य झाली. तापलेले पाणी फुगते आणि समुद्राची पातळी वाढण्यात या फुगण्याचा मोठा वाटा आहे. एकूण पातळी किती वाढली ते एक उपग्रह सांगतो, वितळलेल्या बर्फाचे पाणी किती आले ते दुसरे उपग्रह सांगतात आणि पाणी तापून किती फुगले ते आर्गो सांगतो. या तीन स्वतंत्र मोजण्यांची बेरीज जुळते, तेव्हा आपण अंदाजाने बोलत नसतो.

आता आपल्या दाराशी येऊ. जगाच्या नकाशावर हिंदी महासागर इतरांहून वेगळा आहे, कारण उत्तरेला तो जमिनीने बंद आहे. प्रशांत आणि अटलांटिकसारखी त्याला उत्तर ध्रुवाकडे वाट नाही. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी खारट. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे आणि पावसाचे गोडे पाणी येते, म्हणून तिथे वर हलक्या पाण्याचा थर बसतो आणि खालच्या थंड पाण्याला वर येऊ देत नाही. एकाच अक्षांशावरचे, एकाच देशाला लागलेले हे दोन समुद्र इतके भिन्न आहेत. उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते. तिच्याखाली ऊन पाण्याचा थर किती जाड आहे हे त्याला थेट दिसत नाही आणि चक्रीवादळाचे बळ नेमके त्या जाडीवर अवलंबून असते. वादळ पुढे सरकताना पाणी ढवळते. ऊन थर पातळ असेल तर खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाची शक्ती खच्ची होते. थर जाड असेल तर कितीही ढवळले तरी ऊनच पाणी वर येते आणि वादळ आणखी चेव धरते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. या आकड्याचा अर्थ कोकणाला वेगळा सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आले तेव्हा समुद्रात असलेले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोलीच्या वाड्या आडव्या झाल्या. माड आणि पोफळी पुन्हा उत्पन्न देईपर्यंत वर्षे जातात. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न एका दुपारीत गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकले, वाटेत झपाट्याने बळावले आणि मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून त्यावरचे अनेक कामगार दगावले. वादळाच्या मार्गाचा अंदाज आता पुष्कळ सुधारला आहे. ते अचानक केव्हा बळावेल हे सांगणे अजून अवघड आहे आणि ते सुधारायचे तर पृष्ठभागाखालच्या उष्णतेची ताजी नोंद हाताशी लागेल.

पावसाचेही तसेच. मोसमी पावसाचा हंगामी अंदाज आज वातावरण आणि समुद्र एकत्र धरणाऱ्या संगणकीय प्रारूपांवर उभा आहे. प्रारूपाला सुरुवात करून द्यायची तर त्या दिवशी समुद्राच्या पोटात काय आहे हे सांगावे लागते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे 'इन्कॉइस', ही समुद्रस्थिती तयार करते आणि त्यात आर्गोचे आकडे घातलेले असतात. भारत २००२ पासून फ्लोट सोडत आला आहे आणि हिंदी महासागरातल्या आर्गो नोंदींचे प्रादेशिक केंद्रही इन्कॉइसच आहे. मराठवाड्यातला शेतकरी पेरणीपूर्वी हवामान विभागाचा अंदाज ऐकतो, तेव्हा त्या अंदाजामागे हजारो मैलांवर फिरणाऱ्या या यंत्रांचे काम असते. अंदाज चुकतो तेव्हा आपण हवामान विभागाला दोष देतो. त्या विभागाला आपण पुरेशी मोजणी पुरवतो का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मोजणी म्हणजे नुसते यंत्र पाण्यात सोडणे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. २००६ मध्ये एका शोधनिबंधाने २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा भाग थंड झाल्याचे सांगितले आणि हवामानबदल नाकारणाऱ्यांनी तो उचलून धरला. त्या निबंधाच्याच लेखकांनी पुढच्या वर्षी खुलासा केला. काही फ्लोटांत दाबाच्या नोंदीची चूक होती, त्यामुळे तापमान भलत्या खोलीच्या नावावर पडत होते. जहाजांवरून सोडल्या जाणाऱ्या जुन्या उपकरणांतही दोष निघाला. दुरुस्तीनंतर ती थंडी नाहीशी झाली. चूक सापडली, कारण आकडे सर्वांसमोर उघडे होते आणि ते तपासणारी माणसे कामावर होती. प्रत्येक फ्लोटचे आकडे आधी यंत्रे तपासतात आणि नंतर तज्ज्ञ बसून शेजारच्या नोंदींशी ताडून सुधारतात. क्षारतेचे संवेदक वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहून हळूहळू चुकू लागतात. तो कल ओळखायला जहाजावरून घेतलेली अचूक नोंद आणि जाणता डोळा लागतो. म्हणून फ्लोटांची संख्या वाढवली आणि जहाजे व माणसे कमी केली, तर जमा झालेले आकडे भरवशाचे राहणार नाहीत.

हे जाळे टिकवायला दरवर्षी सुमारे आठशे नवे फ्लोट पाण्यात उतरावे लागतात, कारण तेवढ्यांच्या बॅटऱ्या संपतात. दोन-तीन वर्षे हात आखडला की जाळ्याला भोके पडू लागतात. जगातले जवळपास निम्मे फ्लोट आजवर एकट्या अमेरिकेने पुरवले आहेत. हे त्या देशाचे मोठे देणे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण त्यातच धोकाही आहे. अमेरिकी प्रशासनाने २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी जो प्रस्ताव मांडला, त्यात समुद्र आणि वातावरण यांचा अभ्यास करणाऱ्या 'नोआ' या संस्थेचा संशोधन विभागच गुंडाळण्याची सूचना होती. अशी सूचना होऊ शकते, एवढेच आपल्यासाठी पुरेसे आहे. आपल्या पावसाची, आपल्या वादळांची मोजणी दुसऱ्या देशाच्या राजकारणावर सोडून देणे कोणत्याही शहाण्या राष्ट्राला शोभणारे नाही.

नोंद अखंड ठेवणे म्हणजे काय, याचा धडा घ्यायला आपल्याला लांब जायला नको. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. हलवताना मधे खंड पडू नये म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली गेली. दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक त्यामुळे कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता आली. त्या नोंदी आजही चालू आहेत.

या चिकाटीचे फळ कधी आणि कुठे मिळाले ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी ते हाताने टिपून ठेवले. जवळपास दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता मांडली. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या अशा वादळांपासून कशा सांभाळायच्या याचा विचार करताना तो आकडा हाताशी असतो. १८५९ च्या निरीक्षकाला उपग्रह म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची पातळी नोंदवली जात आहे. तीही कोणी हवामानबदल सिद्ध करायला सुरू केली नव्हती, बंदरातली जहाजे नीट यावी-जावी म्हणून सुरू केली होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यालगत समुद्र किती वर चढला हे शोधले, ते अशाच दीर्घ नोंदींच्या आधारावर. नोंद कशासाठी उपयोगी पडेल हे नोंद ठेवणाऱ्याला कळत नाही. म्हणून तिचे मोल आजच्या उपयोगावरून ठरवता येत नाही आणि 'प्रकल्प संपला' म्हणून ती थांबवताही येत नाही.

समुद्राची नोंद अखंड ठेवण्याच्या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींना उत्तर आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. साधा फ्लोट वीस-पंचवीस हजार डॉलरना मिळतो. त्याच्या आयुष्यातल्या दीडशे-दोनशे फेऱ्यांत हा खर्च वाटला तर दोन हजार मीटरपर्यंतची एक नोंद यंत्राच्या किमतीत दहा हजार रुपयांच्या आगेमागे पडते. भर समुद्रात जहाज नेऊन तीच नोंद घेण्याचा खर्च याच्या कितीतरी पट आहे. प्राणवायू, नायट्रेट, आम्लता आणि हरितद्रव्य मोजणारा फ्लोट महाग असतो, लाख डॉलरच्या वर जातो. पण जगात त्याची सर्वांत जास्त गरज असलेल्या समुद्रांपैकी अरबी समुद्र एक आहे, कारण त्याच्या पोटात प्राणवायू कमी असलेले पाणी आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पाण्याच्या तापमान-क्षारतेवरून ध्वनीचा वेग ठरतो आणि पाणबुडी लपणे वा सापडणे त्यावर अवलंबून असते. ही काळजी खोटी नाही. म्हणूनच १९९९ मध्ये आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाने ठराव करून नियम घातला की, एखाद्या देशाच्या अधिकारक्षेत्रात फ्लोट वाहत जाण्याची शक्यता असेल तर त्या देशाला आधी कळवले पाहिजे. त्यापलीकडे एक साधी गोष्ट आहे. उघडे आकडे सर्वांना सारखे मिळतात. जो देश मोजत नाही त्याचा समुद्र झाकला जात नाही, तो त्याला स्वतःलाच अनोळखी राहतो.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा. बॅटरी संपलेला फ्लोट अखेर तळाशी जातो, त्याबरोबर धातू आणि लिथियमही जाते. आठशे यंत्रे दरवर्षी बुडणे चांगले नाही. शक्य तिथे ती परत मिळवली पाहिजेत आणि जास्त वर्षे टिकणारी बनवली पाहिजेत. तरीही प्रत्येक फ्लोट शोधायला जहाज पाठवले तर जळणाऱ्या इंधनाने समुद्राचे नुकसान त्याहून मोठे होईल. शिवाय समुद्रात टाकल्या जाणाऱ्या जाळ्यांच्या, प्लास्टिकच्या आणि सांडपाण्याच्या तुलनेत हा भार फार लहान आहे.

खरी उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ती आपणच भरून काढायची आहे. आर्गोचा फ्लोट खोल समुद्रासाठी घडवलेला आहे. मुंबईसमोर समुद्राचा तळ सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद होत जातो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे आणि गोव्याचे बहुतेक मच्छीमार याच पट्ट्यात मासे पकडतात आणि जगाचे जाळे नेमके इथेच पोचत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत अरबी समुद्राच्या पोटातले प्राणवायू कमी असलेले पाणी या उथळ पट्ट्यावर चढते. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींत काही काळ तळालगतचा प्राणवायू जवळजवळ संपलेला दिसतो. त्याच संस्थेच्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, अशा वेळी इथून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. बांगडा कुठे गेला, तारली यंदा का आली नाही, असे कोळीवाड्यात विचारले जाते. त्याचे एक उत्तर या पाण्यात असू शकते. पण एका कांदोळीवरून साऱ्या किनाऱ्याचे निदान करता येत नाही. रत्नागिरीसमोर, हर्णैसमोर, वसईसमोर अशाच कायमच्या नोंदी हव्यात. पाण्यात पंखांवर तिरकी घसरत जाणारी ग्लायडर यंत्रे, तळाशी नांगरलेले संवेदक, किनाऱ्यावरची रडारे आणि मच्छीमारांच्या बोटींवर बसवता येतील अशी छोटी उपकरणे ही सारी साधने आज उपलब्ध आहेत. रोज दर्यात जाणारा माणूस या कामात भागीदार झाला, तर नोंदीही वाढतील आणि त्या नोंदींवरून दिलेल्या इशाऱ्यावर त्याचा विश्वासही बसेल.

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी त्याच मोहिमेतली आहे. भारतीय माणूस तिथे उतरेल तो दिवस अभिमानाचा असेल. पण पाणबुडी एका जागी, एका दिवशी उतरते. तोच समुद्र पुढच्या महिन्यात, पुढच्या पावसाळ्यात आणि वीस वर्षांनी कसा आहे हे सांगायला सतत मोजणारी यंत्रे लागतात. शिवाय महासागराचे निम्मे पाणी दोन हजार मीटरच्या खाली आहे. जगाची पुढची योजना सुमारे ४,७०० फ्लोटांची आहे. त्यातले बाराशे सहा हजार मीटरपर्यंत जाणारे आणि एक हजार समुद्राचे रसायन व जीवसृष्टी मोजणारे असावेत असे ठरले आहे. या योजनेत हिंदी महासागराचा वाटा भारताने उचलला पाहिजे. पाच-पाच वर्षांच्या मोहिमांत तो बसत नाही. पर्जन्यमापकांच्या खर्चाप्रमाणे त्याची तरतूद दरवर्षी, न मागता, कायमची व्हायला हवी. आजवर आपण मुख्यतः परदेशी बनावटीचे फ्लोट सोडत आलो. जो देश चंद्रावर यान उतरवतो त्याने हे यंत्र स्वतः घडवायला हवे आणि शेजारच्या किनारी देशांनाही द्यायला हवे.

ही मागणी शास्त्रज्ञांनी करून भागणार नाही, कारण त्यांच्या हाती अर्थसंकल्प नाही. ती किनाऱ्यावरून आणि शेताच्या बांधावरून आली पाहिजे. पालघर, रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खासदारांनी संसदेत दरवर्षी विचारावे की, अरबी समुद्रात आपले किती फ्लोट चालू आहेत, गेल्या वर्षी किती बंद पडले आणि त्यांच्या जागी किती गेले, उथळ पट्ट्यात किती ठिकाणी कायमची मोजणी सुरू झाली. प्रत्येक फ्लोटची जागा जगाच्या नकाशावर खुली आहे, तेव्हा आलेले उत्तर कोणीही ताडून पाहू शकतो. मतदारांनी हे प्रश्न आपल्या प्रतिनिधीच्या तोंडी घालावेत आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ते सोडू नयेत.